‘हंगाम’ आणि ‘लिलाव’ : पुणेरी पलटणच्या निमित्ताने

शिरूर व दौंड हे ऊस-कांद्याचे तालुके. तेथे फारसीतून आलेला ‘हंगाम’ हा शब्द गाळपाशी, तर पोर्तुगीजमधून आलेला ‘लिलाव’ कांदाबाजाराशी निगडित आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी स्पर्धा सुरू झाली आणि हेच शब्द खेळाडूंना लागू झाले. जिल्ह्याचा संघ पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत तळाशी राहिला. दहाव्या हंगामात मात्र त्याने २२ साखळी सामन्यांपैकी १७ जिंकले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून अजिंक्यपद संपादिले. मातीतील खेळ उपजीविकेचे साधन झाला खरा. तथापि संघाने राखून न ठेवलेल्या खेळाडूस पुढील लिलावाचीच वाट पाहावी लागते. ऊसतोडणीप्रमाणे हीही उपजीविका हंगामीच होय, असे हे शब्द सुचवितात.