गुटगुटीत बाळाची कुळकथा

गोबऱ्या गालांच्या, अंगानं भरलेल्या मुलाला आपल्याकडे एके काळी सर्रास 'ग्लॅक्सो बेबी' म्हणत. मूल आईच्या दुधावर आणि नाचणीच्या सत्त्वावर वाढलेलं असलं तरी कौतुक व्हायचं ते दूधभुकटीच्या डब्याच्या नावानं. एखाद्या व्यापारी मालाला याहून मोठं यश ते कोणतं? हे यश कसं घडवलं गेलं, हे प्रत्येक आईबापानं जाणून घ्यावं असं मला वाटतं.

या नावाचं मूळ न्यूझीलंडमध्ये आहे. लंडनमध्ये जन्मलेल्या जोसेफ नेथन यांनी तिथे स्थायिक होऊन 1873 मध्ये वेलिंग्टनला जोसेफ नेथन आणि कंपनी काढली. मिळेल त्या मालाचा व्यापार करणारी ही पेढी पुढे लोण्याच्या निर्यातीत उतरली. लोणी काढल्यावर उरणाऱ्या दुधाचं काय करायचं, हा प्रश्न त्या धंद्यात कायमचाच. त्याच सुमारास दूध वाळवण्याची एक नवी रीत निघाली होती. वाफेनं तापवलेल्या, फिरत्या रुळांवर दुधाचा पातळ थर पसरायचा, क्षणात पाणी उडून जातं आणि उरलेला पापुद्रा पात्यानं खरवडून त्याची भुकटी करायची. नेथन मंडळींनी या रीतीचे हक्क घेतले आणि 1904 मध्ये बनीथॉर्प गावी कारखाना उभारला. भुकटीला 'लॅक्टो' नाव द्यायचा त्यांचा विचार होता, पण त्याच्याशी मिळतीजुळती नावं आधीच नोंदलेली होती. अक्षरांची जुळवाजुळव करत 1906 मध्ये 'ग्लॅक्सो' नोंदवलं गेलं.

ही भुकटी बाळांसाठी विकायची, हे ठरलं ते इंग्लंडमधल्या परिस्थितीमुळे. 1900 च्या आसपास तिथे जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे दीडशे वर्षाच्या आत दगावत. उन्हाळ्यात हगवणीची साथ गल्लोगल्ली पाळणे रिकामे करत जाई. शहरात येणारं गाईचं दूध वाटेतच नासलेलं असे. लांब रबरी नळीच्या दूधबाटल्या आतून स्वच्छच होत नसत. स्वस्त आटवलेल्या दुधाच्या डब्यांतली साय आधीच काढून घेतलेली असे. 1899 मध्ये सेंट हेलेन्स गावच्या नगरपालिकेनं तान्ह्यांसाठी शुद्ध दुधाचं केंद्र उघडलं आणि मग इतर शहरांनीही ती वाट धरली. टिकणारी, जंतूंचा धोका कमी असलेली भुकटी अशा ठिकाणी खरोखरच उपयोगी होती. आईला दूध नसेल किंवा आईच नसेल, तर त्या बाळाला तिचा आधार होता. ग्लॅक्सोच्या कथेतला हा खरा, मानाचा भाग आहे आणि तो नाकारता येणार नाही.

बाजार मात्र आधीच भरलेला होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी 1865 मध्ये बालान्नाची कृती प्रसिद्ध केली होती. 1867 मध्ये स्वित्झर्लंडच्या व्हेवे गावात आन्री नेस्ले यांनी दूध-पिठाचं अन्न विक्रीला आणलं. मेलिन्स फूड हे बालान्नही घराघरांत पोचलं होतं. रसायनशास्त्रज्ञाच्या नावावर डबा खपवण्याची युक्ती जुनी झाली होती. लंडनची बाजू सांभाळणारे जोसेफ यांचे चिरंजीव अॅलेक नेथन यांनी वेगळा मार्ग काढला. 1908 मध्ये त्यांनी 'ग्लॅक्सो बेबी बुक' छापलं. बाळाला किती वेळानं पाजायचं, कसं न्हाऊ घालायचं, वजन कसं घ्यायचं, असा सल्ला त्यात होता. आयांच्या पत्रांना प्रशिक्षित नर्स उत्तरं देत. जोडीला वर्तमानपत्रांतून घोषवाक्य घुमू लागलं: ग्लॅक्सो गुटगुटीत बाळं घडवतं.

कंपनीनं काय साधलं ते इथे नीट पाहायला हवं. कारखान्याच्या कामासाठी गाव सोडून शहरात आलेल्या तरुण आईजवळ सासू नव्हती, माहेर नव्हतं, शेजारची अनुभवी बाई नव्हती. बाळ रात्री का रडतं, हे कुणाला विचारावं हे तिला कळत नव्हतं. ती मोकळी जागा पुस्तकानं भरली. सल्ला फुकट आणि प्रामाणिक वाटणारा होता, पण त्याच्या शेवटी डबा उभा होता. शिवाय बाळ निरोगी आहे की नाही, याचं एक सोपं, डोळ्यांना दिसणारं माप त्या जाहिरातींनी दिलं, ते म्हणजे चित्रातल्या बाळाइतकं जाड असणं. चणीनं बारीक पण खेळकर, काटक मूल या मापात नापास ठरलं. त्याच न्यूझीलंडमध्ये डॉ. ट्रुबी किंग यांनी 1907 मध्ये प्लंकेट सोसायटी स्थापून आईच्या दुधाचा आग्रह धरला होता. पण रंगीत जाहिरातींचं बळ त्यांच्यामागे नव्हतं.

कंपनीनं शास्त्राचीही कास धरली. 1919 मध्ये नोकरीस लागलेले हॅरी जेफकॉट 1923 मध्ये वॉशिंग्टनच्या दुग्धपरिषदेहून ड जीवनसत्त्व काढण्याच्या नव्या रीतीची माहिती घेऊन आले. त्यातून मुडदूस टाळणारं ड जीवनसत्त्व भुकटीत आलं आणि 1924 मध्ये 'ऑस्टेलिन' हे कंपनीचं पहिलं औषध निघालं. पुढे पेनिसिलिन बनवणाऱ्या औषध कंपनीचा पाया असा बाळाच्या दुधानं घातला.

त्याच 1924 मध्ये मुंबईत एच. जे. फॉस्टर आणि कंपनी स्थापन झाली. तिचं काम ग्लॅक्सोचं बालान्न हिंदुस्थानात विकणं. बाळाच्या प्रकृतीवर चालणारा धंदा मुंबईला नवा नव्हता. 'डोंगरे बालामृत' या बाळांच्या औषधाच्या जाहिराती मराठीखेरीज इतर भाषांतल्या नियतकालिकांतही झळकत होत्या. नवी होती ती चित्राची सत्ता. आपल्याकडे बाळाच्या अंगाची वाखाणणी कुणी तोंडावर करत नसे. दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट लावत, बाळसं झाकून ठेवत. आता भरलेलं बाळ मिरवण्याची गोष्ट झाली. 'सुदृढ बालक' स्पर्धांत मुलं तराजूत बसू लागली. बाळगुटी उगाळणाऱ्या हातांवरचा विश्वास डळमळला आणि ज्यांना डबा परवडत नव्हता, त्यांच्या मनात अपराधीपणा शिरला.

या अपराधीपणाची किंमत गरिबांच्या मुलांनी मोजली. डबा पुरवून पुरवून वापरायचा म्हणून भुकटी कमी आणि पाणी जास्त, तेही न उकळलेलं. बाटलीची सवय लागली की बाळ कमी ओढतं आणि आईचं दूध आटतं, मग परतीची वाट बंद. 1939 मध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी सिंगापूरमध्ये 'दूध आणि खून' अशा शीर्षकाचं भाषण करून आटवलेल्या दुधाच्या प्रचारावर थेट बोट ठेवलं. जगाला ते ऐकायला चाळीसहून अधिक वर्षं लागली. जागतिक आरोग्य संघटनेनं बालान्नाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मान्य केली ती 1981 मध्ये.

भारतानं 1992 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार बाळाच्या दुधाच्या डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापता येत नाही, त्याची जाहिरात करता येत नाही आणि आईचं दूधच बाळाला सर्वोत्तम, हे डब्यावर ठळक लिहावं लागतं. ज्या चित्रानं धंदा उभा केला, तेच चित्र कायद्यानं पुसलं, हे योग्यच झालं. आपल्या नजरेतून मात्र ते अजून गेलेलं नाही. म्हणून घरातल्या बाळंतिणीला 'बाळ किती बारीक!' असं म्हणण्याआधी अंगणवाडीच्या वाढतक्त्यावरची रेघ पाहा. ती वर चढत असेल, तर बाळ उत्तम आहे.