‘समाजस्वास्थ्य’वरील खटला आणि कायद्याच्या मनातला तरुण

१९३४ साली मुंबईच्या न्यायालयात एका मासिकाच्या संपादकावर अश्लीलतेचा खटला चालला. त्याचा अपराध एवढाच, की वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्याने उत्तरे दिली होती. संपादक होते रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

र. धों. हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचेही केंद्र सुरू झाले, म्हणजे या बाबतीत मुंबई जगाच्या मागे नव्हती. मिशनरी कॉलेजला हा प्रचार मानवणे शक्य नव्हते. १९२५ साली कर्व्यांनी प्रचार सोडण्याऐवजी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ निघाले आणि १९५३ साली कर्व्यांचे निधन होईपर्यंत ते चालले.

या मासिकातील वाचकांचे प्रश्न आज वाचताना त्या काळच्या तरुणाची कोंडी ध्यानात येते. वयात येणाऱ्या मुलाला आपल्या शरीराविषयी जे काही कळे, ते दोनच वाटांनी. एकीकडे वीर्यनाश म्हणजे आयुष्याचा नाश असे बजावणारी ब्रह्मचर्याची उपदेशपर पुस्तके, दुसरीकडे धातुपुष्टीच्या औषधांच्या जाहिराती. पहिल्यांनी भीती निर्माण करायची आणि दुसऱ्यांनी ती विकून खायची! ही भीती केवळ देशी नव्हती. तिसो या स्विस वैद्याचा हस्तमैथुनाच्या तथाकथित दुष्परिणामांवरील ग्रंथ १७६० साली फ्रेंचमध्ये आला; पुढे शतकभर युरोपातील वैद्यकाने तीच धास्ती शास्त्राच्या नावाने जोपासली. मुलींच्या वाट्याला तर ही पुस्तकेही नव्हती. त्यांच्यासाठी फक्त विटाळाचे नियम होते.

कर्वे उपदेश करीत नसत. हस्तमैथुनाने शरीराची हानी होत नाही, हे ते सरळ लिहीत. गणिताच्या माणसाला शोभेल असे उत्तर: पुरावा काय म्हणतो तेवढे सांगायचे. अशा प्रश्नोत्तरांचा एक गुजराती अंक निघाला. त्यात हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांविषयीचे प्रश्न होते. १९३४ चा खटला याच अंकावरचा. त्यापूर्वी १९३१ साली व्यभिचारावरील लेखासाठी त्यांना एकदा शिक्षा झालीच होती.

न्यायालय अश्लीलता कशी मोजत होते, हे येथे पाहिले पाहिजे. १८६८ साली इंग्लंडमध्ये ‘हिकलिन’ खटल्यात एक कसोटी ठरली. ज्यांचे मन अनैतिक प्रभावाला सहज बळी पडू शकते, अशांच्या हाती मजकूर गेला तर तो त्यांना बिघडवील काय, असा प्रश्न विचारायचा. त्या निकालपत्रात तरुण मुलामुलींचा उल्लेख स्पष्टच होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील न्यायालयांनीही हेच माप वापरले. म्हणजे कायद्याच्या मनात एक काल्पनिक तरुण होता: त्याला काही ठाऊक नाही, काही विचारायचे नाही, आणि छापील शब्द दिसताच तो बिघडतो. कर्व्यांना पत्रे लिहिणाऱ्यांची स्थिती नेमकी उलटी होती. ते आधीच घाबरलेले होते, आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला दुसरे कोणी नव्हते.

आंबेडकरांच्या युक्तिवादाचा गाभा हाच होता. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही. आणि लोकांच्या मनात विकृत समजुती असतील, तर त्या ज्ञानाशिवाय दुसऱ्या कशाने दूर होणार? खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. बाबासाहेबांनी मात्र हा विषय सोडला नाही: १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला.

स्वातंत्र्यानंतरही हिकलिनची कसोटी राहिलीच. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकणाऱ्या मुंबईच्या रणजित उदेशी या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली याच कसोटीवर कायम केली. ती सोडून दिली गेली थेट २०१४ मध्ये.

न्यायालयाबाहेर तो काल्पनिक तरुण अधिक चिवट निघाला. एचआयव्हीचा प्रसार लक्षात घेऊन केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आखला, तेव्हा २००७ साली अनेक राज्यांनी तो नाकारला आणि त्यांत कर्व्यांचा महाराष्ट्रही होता. शरीररचनेची चित्रे पाहून मुले बिघडतील, हा त्यावरचा एक मुख्य आक्षेप होता.