चाखणा, चषक आणि आपले दोन तालुके

ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकायला वेळ नाही, म्हणजे कसारा लोकलमध्ये एका पायावर उभे असलेले माझे आसनगाव-वासिंदवाले भाऊ-बहिणी, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित भाग. बोलताना झालेली थोडी पाल्हाळ कापली आहे, थोडी मुद्दाम ठेवली आहे.

आजचा विषय आहे वाईन पेअरिंग डिनर. हसू नका. मी शहापूरचा, बीटेक, दिवसभर कोड लिहिणारा माणूस. ऑफिसच्या टीमबरोबर मुंबईतल्या एका रेस्टॉरंटमध्ये अशा जेवणाला गेलो होतो. लांब टेबल, वीसेक माणसं, पाच पदार्थ आणि प्रत्येकाबरोबर वेगळी वाईन. एक माणूस उभा राहून समजावतो: ही आंबट आहे म्हणून माशाबरोबर, ही जड आहे म्हणून मटणाबरोबर. माणूस जाणकार होता, जेवणही झकास. फक्त मध्येच तो म्हणाला, "आपल्याकडे असं एकत्र बसून, चव घेत पिण्याची परंपराच नव्हती." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला मात्र तिथेच नाणेघाट आठवला.

आता नाणेघाट आणि वाईनचा काय संबंध? सांगतो.

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलात की वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची वाट फुटते. वर लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची ती मोठी यादी आहे. हा घाट म्हणजे त्या काळचा हायवे. कल्याण बंदरातून माल निघायचा, मुरबाडच्या सपाटीवरून घाट चढायचा आणि जुन्नरमार्गे पैठणकडे जायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' नावाचं ग्रीक पुस्तक आहे, एका व्यापाऱ्याने लिहिलेली बंदरांची गाइड म्हणा. त्यात भडोचला उतरणाऱ्या मालात पहिल्या काही नावांत वाईन आहे. इटलीची सगळ्यात पसंतीची, शिवाय लाओडिकियाची आणि अरबस्तानची. म्हणजे लेबल बघून घेणं तेव्हाही होतं. कल्याणचंही नाव त्यात आहे. पण तिथे ग्रीक जहाजांना अडवून, पहाऱ्यात भडोचला नेतात अशी लेखकाची तक्रार आहे.

ती वाईन ॲम्फोरा नावाच्या दोन कानांच्या उंच मातीच्या कुंभांतून यायची. ह. धी. सांकलिया यांच्या टीमने १९५४ ते ५६ मध्ये नेवाशाला उत्खनन केलं, तेव्हा अशा कुंभांचे तुकडे मिळाले. नेवासं समुद्रापासून केवढं लांब! घारापुरीलाही असे तुकडे मिळाले आहेत. (यातले सगळेच रोमन नाहीत. काही इराणच्या आखाताकडचे, कान नसलेले, हे नंतरच्या अभ्यासात लक्षात आलं.) नेवाशाला पोचलेला नेमका कुंभ मुरबाडवरूनच गेला याची पावती कुणाकडे नाही. पण कोकणातून वर जायची सोयीची वाट हीच होती. तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वी मुरबाडच्या शेतांच्या कडेने कुणाच्या तरी पाठीवरून इटलीची वाईन वर चढली असेल, असं मानायला मला काही अडचण वाटत नाही. पिणारे मात्र वर पैठणला.

आता आपल्या घरच्या पेयाकडे येऊ. मोह.

मोहाचं झाड कुणी लावत नाही, असतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात, बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचतात, अंगणात वाळवतात. कातकरी, ठाकर, वारली, महादेव कोळी, सगळ्यांच्या पाड्यांवर हे चालतं. फुलं भाजून खातात, पावसाळ्यासाठी साठवतात, बियांचं तेल काढतात. आणि हो, फुलं आंबवून भट्टी लावली की दारू. पहिला थेंब देवाला, पूर्वजांना, मग वडीलधाऱ्यांना, मग बाकीच्यांना. लग्न, बारसं, मयत, लावणी उरकणं, प्रत्येकाला बैठक. सोबत काय? भाजलेला सुका बोंबील, जवळ्याची चटणी, पहिल्या पावसातले खेकडे. याला आपण चाखणा म्हणतो. पेअरिंग म्हणा हवं तर, पण नाव आधीपासून होतं.

मग सरकार आलं. १८७८ साली मुंबई प्रांताचा आबकारी कायदा झाला. घरची भट्टी गुन्हा ठरली. दारू सरकारी परवान्याच्या कारखान्यात गाळायची, ठेकेदाराच्या दुकानात विकायची. ताडीच्या प्रत्येक झाडावर कर. सरकारला महसूल हवा होता आणि घरोघरच्या चुलीवर कर बसवता येत नाही, म्हणून चूलच बंद. तरी लोक ऐकेनात. तेव्हा १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचाच कायदा आला. दारू सोडा, वाळलेली फुलं घरात ठेवण्यावर बंधन. गंमत बघा, त्याच १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातलं तानसा धरण पूर्ण होऊन पाणी मुंबईला गेलं. एकाच वर्षी आमचं पाणी शहराकडे निघालं आणि आमच्या अंगणातली फुलं गुन्हा झाली.

खरा मार यानंतरचा आहे. घरी फुकट होणारी गोष्ट आता दुकानातून विकत, तीही उधारीवर. लग्नात सगळ्या पाड्याला पाजायचं म्हणजे कर्ज. ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' पद्धत होती: लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवऱ्याने, बरेचदा बायकोनेही, त्याच्या घरी-शेतात वर्षानुवर्षं राबायचं. सगळं कर्ज दारूचं नव्हतं, पण त्या खर्चात दारूचा वाटा मोठा होता. म्हणून १९२२ च्या सुमारास पालघर किनाऱ्याच्या कोळ्यांपासून निघालेली देवीची चळवळ दक्षिण गुजरातच्या आदिवासींपर्यंत पोचली, तेव्हा तिचा मोठा आदेश होता दारू सोडा. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने यावर पुस्तक लिहिलंय. दारू सोडली की दुकानदार आणि सावकार दोघांची पकड सुटते, हे लोकांना कळलं होतं. आदिवासी म्हणजे दारूत बुडालेला, असं म्हणणाऱ्यांना हा भाग जरूर ऐकवा.

स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई मुंबईचे गृहमंत्री असताना १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो अजून आहे, फक्त नाव बदललं. म्हणूनच आजही कायद्याने प्यायचा परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना विदेशी दारूला पाच रुपये, देशीला दोन, आणि कारण काय, तर आरोग्य राखण्यासाठी! त्या डिनरला कुणी हा परवाना मागितला नाही, हे सांगायला नको.

द्राक्षाचं नशीब वेगळं. नारायणगावला १९८० च्या दशकात वाईनरी उभी राहिली, नाशिकला २००० च्या आसपास सुला, आणि २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून इथल्या वाईनला उत्पादन शुल्कात मोठी सूट दिली. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळाला, चांगलंच झालं. ते खोके आता आग्रा हायवेने किंवा समृद्धीने शहापूरवरूनच मुंबईला जातात. मोहाच्या फुलांचं वेचणं, साठवणं, नेणं यावरचे निर्बंध मात्र राज्याने उठवायला २०२१ उजाडलं. दारू गाळणं अजून परवान्याशिवाय गुन्हाच. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाला 'हेरिटेज' दारूचा दर्जा दिला, आणि २०१८ मध्ये गोव्यात बाटलीबंद मोह विकायला आला.

मी हातभट्टीची जाहिरात करत नाहीये. २०१५ मध्ये मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. आणि गावोगावच्या बायकांनी 'उभी बाटली, आडवी बाटली'च्या मतदानात आडवीवर शिक्का मारून दुकानं बंद पाडली, ती काही हौस म्हणून नाही. नवरा पिऊन आला की चव कुणाच्या तोंडाला येते? माझा मुद्दा एवढाच की 'परंपराच नव्हती' हे वाक्य चूक आहे. परंपरा होती, तिच्यावर दोन कायदे होते.

त्या जेवणात शेवटी मी त्या जाणकार माणसाला विचारलं, सुक्या बोंबलाबरोबर काय चालेल? तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, काहीतरी थंड, कोरडं, पांढरं. उत्तर वाईट नव्हतं. मी फोनमध्ये लिहून घेतलं आणि शेवटची लोकल पकडायला पळालो.

पुढच्या एपिसोडमध्ये तानसाची पाइपलाइन, आणि ती ज्यांच्या दारावरून गेली त्यांच्या नळाची गोष्ट. नाणेघाटाला जाणार असाल तर पावसाळ्यानंतर जा. लेख बघायला टॉर्च न्या, आणि कृपया भिंतीवर नाव कोरू नका.