तीन कंठांचा एक सूर

नभोवाणीवरील गायक श्रोत्यांना दिसत नाहीं. ही त्या माध्यमाची उणीव आहे, असें कोणी म्हणतील. परंतु अमेरिकेंतील एका गायिकेच्या आयुष्यांत हीच उणीव वरदान ठरली. तिचें नांव कॉनी बॉसवेल. मार्था, कॉनी आणि व्हेट ह्या तीन बहिणींचें ‘बॉसवेल सिस्टर्स’ हें गानमंडळ १९३१ ते १९३६ ह्या काळांत अमेरिकेंत घरोघर ऐकलें जाई. त्या मंडळांतील प्रमुख कंठ कॉनीचा होता.

कॉनीचा जन्म ३ डिसेंबर १९०७ रोजीं मिसूरी संस्थानांतील कॅन्सस सिटी येथें झाला. मार्था तिच्याहून दोन वर्षांनीं मोठी, व्हेट तीन-साडेतीन वर्षांनीं धाकटी. अगदीं बालवयांत कॉनीचे पाय निकामी झाले. ह्याचें कारण कधीं पोलिओ, तर कधीं खेळण्यांतील गाडीवरून पडणें, असें दोन्ही प्रकारें सांगण्यांत आलें. कारण कोणतेंहि असो, चाकांची खुर्ची तिच्या जन्माची सोबतीण झाली. १९१४ सालीं हें कुटुंब न्यू ऑर्लिन्स शहरीं राहावयास आलें, आणि त्या स्थलांतरानें तिच्या आयुष्याची दिशा ठरली.

घरांत तिन्ही मुलींना पाश्चात्य अभिजात संगीताचें रीतसर शिक्षण मिळालें. मार्था पियानो शिकली, व्हेट व्हायोलिन आणि कॉनी चेलो. परंतु न्यू ऑर्लिन्सची खरी संगीतशाळा रस्त्यावर भरत असे. तेथील कृष्णवर्णीय वादक-गायकांनीं जॅझ ह्या गायनवादनप्रकाराला जन्म दिला होता. ह्या संगीताची गोडी गोऱ्यांनाहि होती. पण दोन्ही वर्णांच्या लोकांनीं शेजारीं बसून तें ऐकावें अशी सोय नव्हती. त्या शहराच्या लिरिक थिएटरांत शुक्रवारीं मध्यरात्रीं केवळ गोऱ्या प्रेक्षकांकरितां वेगळे खेळ होत. १९२० सालीं ब्लूजची पहिली गाजलेली ध्वनिमुद्रिका देणारी कृष्णवर्णीय गायिका मेमी स्मिथ हिचें ऋण कॉनी मानीत असे. त्याचबरोबर इटालियन गायक कारुसो ह्याच्या दमश्वासाचाहि तिनें अभ्यास केला होता. एका बाजूस कारुसो आणि दुसऱ्या बाजूस मेमी स्मिथ, असे हे दोन गुरु, आणि दोघेहि तिला तबकडीवरून लाभलेले!

१९२५ सालीं व्हिक्टर कंपनीचे लोक ध्वनिमुद्रणासाठीं न्यू ऑर्लिन्स येथें आले असतां ह्या बहिणींचीं पहिलीं गाणीं मुद्रित झालीं. त्यानंतर कांहीं वर्षें स्थानिक नभोवाणी, नाटकगृहें, शिकागो, लॉस एंजेलिस अशी वणवण झाली. १९३१ मध्यें त्या न्यू यॉर्कला पोंचल्या, आणि कोलंबिया नभोवाणीनें त्यांचें नांव देशभर पोंचविलें. पुढील वर्षीं ‘द बिग ब्रॉडकास्ट’ ह्या बोलपटांतहि त्या झळकल्या.

त्यांच्या गाण्यांत नवें काय होतें? आपल्याकडे दोघेतिघे एकत्र गाऊं लागले, म्हणजे बहुधा एकच स्वर लावितात. पाश्चात्य पद्धतींत तिघे एकाच वेळीं तीन भिन्न स्वर लावून त्यांचा मेळ साधतात. हा मेळ नवा नव्हता. परंतु बॉसवेल भगिनींनीं त्यांत जॅझचें चापल्य आणिलें. गाणें संथ चालत असतां एकाएकीं लय दुप्पट व्हावी, उजळ स्वरांची चाल मध्येंच खिन्न स्वरांत शिरावी, शब्द मोडून त्यांच्या जागीं नुसतीं अक्षरें नाचावीं, आणि हें सारें तिघींनीं एका श्वासांत करावें! ह्या रचनांत कॉनीचा वाटा मोठा असे. शिवाय त्या ओरडून गात नसत. मायक्रोफोनच्या अगदीं जवळ जाऊन, खालच्या स्वरांत, कानांत गुज सांगावें तशा त्या गात.

सर्वांनाच हें रुचलें असें नाहीं. मूळ चाल ओळखूं येत नाहीं, अशी कुरकुर श्रोत्यांनीं केली. ध्वनिमुद्रण करणाऱ्या व्यवस्थापकानेंहि गाणीं सोपीं करावीं असा आग्रह धरिला, आणि पुढच्या मुद्रिकांत तो आग्रह ऐकूंहि येतो. अनेक श्रोत्यांना तर ह्या गायिका कृष्णवर्णीय असाव्यात असें वाटे. नभोवाणीवर कॉनीचे पाय दिसत नव्हते, तसा तिचा वर्णहि दिसत नव्हता. मात्र ह्यांतील विषमता विसरतां येत नाहीं. ज्यांच्यापासून ही गायकी आली, त्यांना प्रायोजकांच्या मोठ्या कार्यक्रमांचीं दारें त्या काळीं बहुतेक बंदच होतीं.

रंगभूमीवर मात्र शरीर लपविणें भाग असे. पडदा उघडण्यापूर्वींच कॉनीला पियानोच्या बाकावर बसविण्यांत येई, आणि बहिणी तिला खेटून बसत. पुढें एकटी गाऊं लागल्यावर ती आसनावर पायघोळ झगा अशा बेतानें पसरी कीं, ती उभीच आहे असें प्रेक्षकांस वाटावें.

१९३६ च्या आरंभीं तिघींचें शेवटचें ध्वनिमुद्रण झालें. मार्था आणि व्हेट ह्यांनीं विवाहानंतर संसार पत्करला. कॉनीनेंहि १९३५ सालीं मंडळाचे व्यवस्थापक हॅरी लीडी ह्यांच्याशीं विवाह केला होता. परंतु तिनें गाणें सोडलें नाहीं. तीन कंठांसाठीं योजना करणाऱ्या बाईस आतां एकाच कंठावर भागवावें लागलें. बिंग क्रॉस्बी ह्याच्याबरोबर तिचीं द्वंद्वगीतें गाजलीं, बोलपटांतहि ती गायिली. दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांसाठीं गाण्यास परदेशीं जाण्याची तिची इच्छा होती. अपंगत्वामुळें परवानगी मिळाली नाहीं. तेव्हां स्वदेशांतील छावण्यांत आणि रुग्णालयांत जाऊन ती गायिली. जिचा आवाज समुद्र ओलांडून गेला होता, तिला स्वतःला मात्र अडविण्यांत आलें! मार्था १९५८ मध्यें वारली. कॉनी ११ ऑक्टोबर १९७६ रोजीं न्यू यॉर्क येथें निवर्तली, आणि व्हेट १९८८ मध्यें.

त्यांच्या मागून आलेल्या अँड्र्यूज भगिनींनीं प्रारंभीं बॉसवेल भगिनींचेंच अनुकरण केलें, आणि कीर्तींत त्यांना मागें टाकिलें. पण कॉनीचा खरा वारसा अन्यत्र आहे. २१ नोव्हेंबर १९३४ रोजीं न्यू यॉर्कच्या हार्लेम भागांतील अपोलो थिएटरांत हौशी कलावंतांची स्पर्धा होती. सतरा वर्षांची एक कृष्णवर्णीय, निराधार मुलगी नाचण्याच्या इराद्यानें आली आणि ऐन वेळीं धीर सुटून गाऊं लागली. गातांना तिनें, आईनें घरीं आणलेल्या तबकडीवर ऐकलेल्या कॉनीचा ढंग उचलला, आणि पहिलें बक्षीस मिळविलें. ती मुलगी म्हणजे एला फिट्झजेराल्ड. जगद्विख्यात झाल्यावरहि कॉनीचें ऋण ती उघडपणें सांगत असे.

मेमी स्मिथच्या तबकडीवरून कॉनीनें जें घेतलें, तें कॉनीच्या तबकडीवरून एलाकडे गेलें. ज्या समाजाचें तें धन होतें, त्याच्याच एका लेकीच्या कंठीं तें परत आलें, आणि येतांना वाढून आलें. लिरिक थिएटरांतील वेगळ्या खेळांनीं जी भिंत उभी ठेविली होती, ती स्वरांना मात्र अडवूं शकली नाहीं.