‘ईव्हिल’, ‘देवचार’ आणि ‘वाईट’

अंधेरी-बोरिवलीकडील आपल्या कित्येक घरांत नातवंडे प्रभूची प्रार्थना इंग्रजीतून म्हणतात, आजी मराठीतून. शेवटच्या मागणीत नातवंडांच्या ओठी ‘ईव्हिल’ असतो, आजीच्या ओठी ‘वाईट’. ‘ईव्हिल’मागे ‘ड’ लावला की ‘डेव्हिल’ होतो, ही गंमत आम्हीही लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली होती. ती फसवी आहे. ‘ईव्हिल’ हा जुन्या इंग्रजीतील, जर्मन भाषाकुळातला शब्द. ‘डेव्हिल’ मात्र ग्रीक ‘डियाबोलोस’पासून, म्हणजे चहाडखोर, आळ घेणारा. दोघांचे नाते नाही. ‘डेव्हिल’चे आपल्या ‘देवा’शीही नाही, कानाला काहीही वाटो!

देवाचा दैत्य मात्र अन्यत्र खरोखरच झाला आहे. आपल्या पारशी शेजाऱ्यांच्या अवेस्तेत ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती. संस्कृत ‘देव’ हा त्याचाच सख्खा भाऊ. एकाचे पूज्य ते दुसऱ्याचे त्याज्य ठरले.

आमच्याही घरी हेच घडले. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज; ‘डेव्हिल’ हा त्यांच्या मायबोलीतला शब्द. 1579 साली ते गोव्यात आले. 1616 साली छापलेल्या आपल्या ‘क्रिस्तपुराणा’त त्यांनी सैतानासाठी ‘देवचार’ हा तिथलाच शब्द घेतला. गोव्याच्या हिंदू गावांत देवचार म्हणजे हाती काठी, खांद्यावर घोंगडी घेऊन रात्री फिरणारा राखणदार. त्याला लोक वाहाणा अर्पण करतात. शेजाऱ्याचा रखवालदार आमच्या पोथीत वैरी झाला. मराठीवर इतका जीव लावणाऱ्या स्टीफन्स यांना एकट्याला आम्ही दोष देणार नाही. त्या काळच्या बहुतेक मिशनऱ्यांची नजरच तशी होती.

तीच नजर बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात दगडावर उमटली आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी त्या शिवलेण्याचे प्रार्थनामंदिर केले. तिथल्या एका भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो, आणि नाचता शिवही. मधल्या काळात तो झाकला गेला होता. झाकल्यामुळेच पुष्कळसा वाचला, असे म्हणतात. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले ते 1965 साली.

‘सैतान’ हा मूळचा हिब्रू, विरोधक या अर्थाचा. मराठीत तो अरबी-फारसीच्या वाटेने आला. आजीच्या ‘वाईट’ शब्दात मात्र कोणाचाच देव दडलेला नाही. शुभवर्तमानातील मूळ ग्रीक शब्दाचे दोन्ही अर्थ होतात, दुष्टपणा आणि दुष्ट. आजीचा शब्दही दोन्हीकडे वळतो.