यादगार रात्री आणि राहून गेलेली नावे

नांदेड जिल्ह्याच्या नकाशावर पूर्वेच्या टोकाला बोट ठेवले की धर्माबाद सापडते. मिरचीची मोठी बाजारपेठ ही गावाची ओळख. रेल्वेने पुढे गेले की बासर येते, गोदावरीचा पूल ओलांडला की निजामाबाद. आम्ही शाळेत मराठी शिकलो, बाजारात तेलुगू ऐकली आणि घरात दखनी बोललो. तीन भाषांच्या तिकाटण्यावर वाढलेल्या माणसाचा कान जरा निराळा घडतो. मोहरमचे पीर बसले की इकडच्या गावांतल्या हलगीचा ठेका वेगळा आणि पलीकडच्या तेलंगणातल्या पीर्ला पंडगेचा वेगळा, हे आम्हांला लहानपणीच कळत होते. दोन्हीकडे पिरांपुढे नाचणाऱ्यांत हिंदूच जास्त असत, याचे तेव्हा कुणालाच नवल वाटत नसे.

अशा गावात जुन्या माणसांना आम्ही एक प्रश्न नेहमी विचारत आलो. तुम्ही ऐकलेली, पाहिलेली सर्वांत यादगार रात कोणती? कुणी कंधारच्या हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या उर्सातली कव्वाली सांगतो, तर कुणी माळेगावच्या यात्रेतल्या तमाशाचा फड. रात्र मात्र सगळ्यांची अर्धवटच आठवते. गाणारा आठवतो, नाचणारी आठवते, पहाटेची थंडीही आठवते. ढोलक कुणाची होती, पेटीवर कोण होते, असे विचारले की बुजुर्ग मान हलवतात. "होता कुणीतरी आपल्यापैकी." हे 'कुणीतरी आपल्यापैकी' आम्हांला पुष्कळ वर्षे सलत आले आहे.

मराठवाड्यात अशा कार्यक्रमांच्या नोंदी मुळातच कमी, आणि त्याला कारणही आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९२९ साली 'गश्ती निशान ५३' हे फर्मान निघाले आणि सभा-संमेलनाला सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. जिथे चार माणसे जमवायची पंचाईत, तिथे रंगभूमीचा इतिहास कोण लिहून ठेवणार? पुण्या-मुंबईकडे नाटकांच्या जाहिराती छापून येत, वर्तमानपत्रांत परीक्षणे येत, नटांची आत्मचरित्रे निघत. आमच्याकडे सगळे तोंडी राहिले, आणि तोंडी राहिलेल्या इतिहासात साथीदार सर्वांत आधी पुसला जातो.

माळेगाव लोहा तालुक्यात. मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार आणि रात्री तमाशाचे तंबू. अलीकडे नांदेडची जिल्हा परिषद तिथे लावणी महोत्सवही भरवते. खंडोबाला आपल्या लोकांनी मल्लूखान म्हटले, हे सर्वश्रुत आहे. त्याच खंडोबाच्या जेजुरीचा सगनभाऊ हा जातीने शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारा मुसलमान. उत्तर पेशवाईत होनाजी, रामजोशी, प्रभाकर यांच्या जोडीने ज्याचे नाव घ्यावे लागते तो हा शाहीर. शस्त्रांना धार लावता लावता त्याने मराठी लावणीलाही धार लावली, असे कुणी म्हटले तर ती नुसती कोटी ठरणार नाही. माळेगावच्या तंबूत आज जी लावणी उभी राहते तिच्या वंशावळीत हा माणूस आहे. यात्रेतल्या किती जणांना ते ठाऊक आहे, हे विचारायला आम्ही धजत नाही.

संगीत नाटकाकडे वळले तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत रंगभूमी उभी राहिली. त्याआधी अण्णासाहेबांनी पारशी मंडळीचा 'इंद्रसभा'चा खेळ पाहिला होता आणि त्यावरून त्यांना संपूर्ण संगीत नाटकाची कल्पना सुचली, असे नाट्येतिहासात सांगितले जाते. 'इंद्रसभा' लिहिली लखनौच्या आगा हसन अमानत यांनी, उर्दूत. कालिदास आणि अमानत असे दोन पाहुणे मराठीच्या घरात एकाच दारातून आले. एकाचे स्वागत आजवर चालू आहे.

पुढे भास्करबुवा बखल्यांनी 'स्वयंवर'च्या चाली दिल्या, ते साल १९१६. बुवांचे गुरू तीन, बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ. 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. तेही अल्लादिया खाँसाहेबांचे परमभक्त. मराठी घराघरांत जी पदे आजी-आजोबा गुणगुणत आले, त्यांच्या मुळाशी ठुमरी, गझल, कव्वालीचा हा ओलावा आहे. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. थिरकवांना पुढे रामपूर दरबाराने मानाने बोलावले, १९७० साली पद्मभूषण मिळाले, म्हणून त्यांचे नाव राहिले. कादरबक्षांचे नाव आज किती जणांना सांगता येईल? बालगंधर्वांचा आलाप जिथे थांबे तिथून तो सूर सारंगी पुढे नेत असे. ऐकणाऱ्याला वाटे, गंधर्वच अजून गात आहेत. साथीदाराचे यश इतके मोठे की त्यात तो स्वतःच नाहीसा व्हावा.

मराठी रंगभूमीची सर्वांत गाजलेली रात्र कोणती, असे विचारले तर जाणकार ८ जुलै १९२१ सांगतात. मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन मालक एका रंगमंचावर. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. पुढे तीन महिन्यांतच केशवराव गेले, त्यामुळे त्या रात्रीला दंतकथेची झळाळी आली. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्याच वर्षी त्याच मुंबईत खिलाफतीची चळवळ ऐन भरात होती. असहकारासाठी हिंदू-मुसलमान एका व्यासपीठावर येत होते. एका वर्षाच्या या दोन जुगलबंद्या. एकीवर पुस्तके निघाली, दुसरीची आठवण दोन्ही बाजूंना आज अडचणीची वाटते.

याच काळात अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत होते. कैरान्याचा हा माणूस मिरजेचा होऊन गेला. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती, तिथे ते गात. आजही उर्सात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ त्या आवारात गायन-वादन होते आणि मोठमोठे कलावंत तिथे हजेरी लावतात. (मिरजेच्या सतारमेकरांबद्दल स्वतंत्र लिहायला हवे. भोपळ्याला सूर देणारी ती आपलीच घरे.) खाँसाहेबांची अखेरची मैफल कुणी तिकीट काढून ऐकली नाही. २७ ऑक्टोबर १९३७. पाँडिचेरीकडे जाताना गाडीत त्यांची तब्येत बिघडली म्हणून सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला, नमाज अदा केली, दरबारीच्या सुरांत प्रार्थना आळवली आणि तिथेच प्राण सोडला, असे सांगतात. आम्ही रेल्वेच्या गावचे. रात्री धर्माबादच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना ही हकीकत आम्हांला हटकून आठवते.

खाँसाहेबांची मुले मराठी रंगभूमीचे भूषण ठरली. ताराबाई माने खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीनाच्या सरस्वती राणे. हिराबाईंनी १९२९ च्या सुमारास भावाबरोबर नूतन संगीत नाटक मंडळी काढली. पुरुषांनीच स्त्रिया वठवायच्या त्या काळात स्वतः स्त्रीभूमिका केल्या आणि नाटकांना सभ्य घरांतल्या बायका येऊन बसू लागल्या. नावे बदलली म्हणून आम्ही कुणाला दोष देत नाही. घर मोडलेल्या आईने मुलांना जगवायचे होते. पण त्या काळच्या रंगमंचावर कोणत्या नावाला कोणता दरवाजा उघडत होता, एवढे त्यातून समजते.

गोहरबाईंनी मात्र नाव बदलले नाही, आणि त्याची किंमत भरली. गोहर कर्नाटकी विजापूरकडच्या. 'किस्मत' चित्रपटामुळे घरोघर पोचलेल्या अमीरबाई कर्नाटकी या त्यांच्या सख्ख्या भगिनी. १९३८ साली गोहरबाई बालगंधर्वांच्या कंपनीत आल्या. बोलपट आल्यामुळे नाटकाला उतरती कळा लागली होती, कंपनी कर्जात होती आणि स्त्रीवेशातले गंधर्व पन्नाशीला पोचले होते. अशा पडत्या काळात ही बाई त्यांची गायकी जिवापाड आत्मसात करून त्यांच्याच भूमिका करायला उभी राहिली. गंधर्वांच्या पहिल्या पत्नी १९४० साली वारल्या, १९५१ साली गंधर्वांनी गोहरबाईंशी विवाह केला. त्यानंतर पाय गेलेल्या, परावलंबी झालेल्या त्या नटसम्राटाला गोहरबाईंनी सांभाळले. १९६४ साली त्या गेल्या. त्याच वर्षी गंधर्वांना पद्मभूषण मिळाले. १९६७ साली तेही गेले.

मराठी रसिकांनी या बाईला काय दिले? गंधर्वांच्या ऱ्हासाचे खापर. कंपनीचे कर्ज त्यांच्या येण्याआधीचे, गंधर्वांचा उधळेपणा तर त्याहून जुना. अत्तरे, शालू, पंगती यांची वर्णने त्याच रसिकांनी कौतुकाने लिहून ठेवली आहेत. तरी बुडाले ते गोहरमुळे! त्यांचे गाणे चांगले होते की वाईट, यावर वाद घालता येईल. तो संगीताचा वाद होईल. पण त्यांच्याबद्दल जे बोलले गेले त्यातला बराच भाग गाण्याबद्दल नव्हता. आणि खरे बोलायचे तर आपल्याही समाजाने त्यांना आपले म्हटले नाही. तिकडच्यांना त्या मुसलमान म्हणून नकोशा, इकडच्यांना नाटकवाली म्हणून. अलीकडे काही अभ्यासकांनी त्यांची बाजू मांडली आहे, हे बरे झाले.

अमर शेखांची गोष्ट आम्हांला जवळची, कारण ते बार्शीचे. बार्शी इंग्रजी हद्दीत, आमचे लातूर निजामाच्या. मधून बार्शी लाईटची अरुंद आगगाडी धावायची. माल, माणसे आणि गाणी या गाडीने सरहद्द ओलांडत. २० ऑक्टोबर १९१६ रोजी जन्मलेल्या या मुलाचे नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी. गरिबी इतकी की मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार. संपात पडले, विसापूरच्या तुरुंगात गेले. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायकांकडे असताना 'अमर' हे नाव मिळाले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले.

ज्यांनी अमर शेखांना ऐकले ते आवाजाबद्दल बोलताना हात उंचावतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफाची थाप पडली की लाखांची सभा शांत होई. अण्णा भाऊंची 'माझी मैना' त्यांनी गावोगाव नेली. वियोगाची लावणी आणि फाटलेल्या मुलखाचे दुःख त्या गाण्यात एक झाले होते. हे आम्हा धर्माबादकरांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. आम्ही मराठवाड्याबरोबर द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, आणि गाडीचे पुढचेच स्टेशन बासर आंध्रात गेले. बहिणी तिकडे, भाऊ इकडे, अशी कितीतरी घरे झाली. अमर शेख २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात गेले. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे, कन्या मल्लिका अमर शेख मराठीतल्या महत्त्वाच्या कवयित्री. एवढे असूनही, हा शाहीर मुसलमान होता असे सांगितल्यावर "असे का?" म्हणणारे पदवीधर आम्हांला भेटले आहेत. त्यांत दोघे आपल्यातलेच होते.

आपल्यातल्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या घरात गाणे-बजावणे बरे समजले जात नसे. पेटी शिकण्याचा हट्ट आम्ही एकदाच केला, पुन्हा केला नाही. ज्या वडीलधाऱ्यांनी तेव्हा रागावून पाहिले तेच उर्सात कव्वालीच्या पहिल्या रांगेत डोळे मिटून बसलेले आम्ही पाहिले आहेत. हैदराबादच्या वारसी घराण्याचे अजीज अहमद खाँ यांचा विषय निघाला की त्यांचा चेहरा फुले. ऐकायचे, पण वाजवणाऱ्याशी सोयरीक करायची नाही, नाव लिहून ठेवायचे नाही. मराठी इतिहासकारांनी आमचे साथीदार गाळले ही तक्रार रास्तच आहे. पण त्यांची पहिली वही आमच्याच घरात कोरी राहिली होती.

म्हणून अलीकडे उर्सात गेलो की आम्ही मैफल संपेपर्यंत थांबतो. मागच्या खेपेला पहाटे सामान बांधणाऱ्या ढोलकवाल्याजवळ गेलो आणि नाव विचारले. तो आधी दचकला. काही चुकले का, असे त्याने विचारले. मग नाव सांगितले, गाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले. तेही ढोलकच वाजवायचे, तमाशाच्या फडात. आजोबांचे विचारणार तोच त्यांच्या जीपने हॉर्न दिला आणि ते राहिले.