एचआयव्हीबाधित प्रौढांतील आहारवैविध्य

एचआयव्हीचे उपचार घेणाऱ्या प्रौढाच्या जेवणात किती निरनिराळे अन्नगट येतात, याचे मोजमाप. मागील २४ तासांत काय खाल्ले ते विचारून गट मोजतात. १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांसाठी वापरल्या जाणाऱ्या निर्देशांकात १० गट असून निदान ५ गट खाल्लेले असावेत, अशी अपेक्षा असते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मेथीची भाजी, मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर दही एवढ्यात हे ५ गट होतात. महागड्या पोषक पावडरींची सक्ती रुग्णावर करणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ मधील शिफारशींनुसार लक्षणे नसलेल्या बाधित प्रौढाची ऊर्जेची गरज सुमारे १० टक्क्यांनी, तर लक्षणे असताना २० ते ३० टक्क्यांनी वाढते. मळमळ, तोंडातील बुरशीसंसर्ग आणि जुलाब यांमुळे नेमके याच काळात खाणे घटते. भारतात शासकीय केंद्रांतून मोफत एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली. औषध मोफत असले, तरी तपासणीच्या दिवशी बुडणारी मजुरी आणि प्रवासखर्च यांची झळ प्रथम दूध, अंडी व फळे यांना बसते.

एआरटीमधील डोल्युटेग्राविर हे औषध घेणाऱ्यांत वजनवाढ आढळते, त्यामुळे आहार ठरवताना मधुमेह व हृदयविकाराचाही विचार करावा लागतो. लोह वा कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी सोबत घेतल्यास या औषधाचे शोषण घटते. जेवणासोबत दोन्ही एकत्र घेता येतात.